नव्या सदस्येला जुन्यांनी करून दिलेली ओळख : मराठी विकिपीडियावरील एका प्रसंगाचा अभ्यास

कोणत्याही ऑनलाइन समूहात नवीन माणूस दाखल झाला की त्याने आपली ओळख करून द्यावी, असा रिवाज आहे. आपण कोणासमोर बोलत आहोत, ऐकणारे कोण आहेत आणि त्यांचे येथे काम काय, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत प्रकरण या दुसऱ्या बाजूचे आहे. मराठी विकिपीडियावर नुकत्याच आलेल्या एका सदस्येला दोन जुन्या सदस्यांनी आपापली ओळख कशी करून दिली, त्या दोन ओळखींचा तिच्या पुढच्या वागण्यावर काय परिणाम झाला आणि त्यातून काय निस्तरावे लागले, याची ही नोंद आहे. पहिली ओळख प्रस्तुत लेखकाने लिहिलेली होती. सदस्यांची नावे, गाव आणि ओळख पटेल असे इतर तपशील वगळले आहेत.

जागेची माहिती

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथे खाते उघडणाऱ्या प्रत्येकाला दोन पाने मिळतात. सदस्यपानावर त्याने स्वतःविषयी लिहायचे असते आणि सदस्य चर्चापानावर इतरांनी त्याच्याशी बोलायचे असते. सर्वांनी मिळून बोलण्याची जागा म्हणजे चावडी, कच्चे लिखाण करून पाहण्याची जागा म्हणजे धूळपाटी. पाने वगळण्याचे किंवा सुरक्षित करण्याचे अधिकार ज्यांना दिलेले असतात त्यांना प्रचालक म्हणतात. बाकी सर्व सदस्यांचे अधिकार जवळपास सारखे असतात, परंतु नवख्याला हे बाहेरून दिसत नाही. त्याला जो कोणी भेटतो तो मालक वाटतो.

नव्या खात्याच्या चर्चापानावर सहसा स्वागताचा साचा, म्हणजे ठरावीक मजकुराची तयार चौकट, लावला जातो. त्यात मदतीच्या पानांचे दुवे असतात, लेखन कसे करावे याची सूचना असते आणि स्वागत असो असा मजकूर असतो. साचा लावण्यामागचा हेतू चांगला आहे आणि तो लावला जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. एक अडचण मात्र जाणून घ्यायला हवी. विकिमीडियाच्या सर्व प्रकल्पांना एकच खाते चालते, त्यामुळे दुसऱ्या भाषेतील विकिपीडियावर काम करणारा एखादा सदस्य मराठीतील पान नुसते पाहायला आला तरी येथे त्याचे खाते आपोआप तयार होते. ज्याला मराठी वाचताही येत नाही आणि ज्याने रात्र जागून मराठीत पहिला परिच्छेद लिहिला आहे, अशा दोघांसमोर एकच साचा येतो. ज्याने काहीतरी लिहिले आहे त्याला आपले लिखाण कोणी वाचले की नाही, हे साच्यातून कळण्याचा मार्ग नाही.

प्रसंग

काही वर्षांपूर्वी जानेवारीत, मराठी भाषा संवर्धन पंधरवड्याच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी विकिपीडिया लेखनाची कार्यशाळा झाली. संगणक कक्षातील सर्वांनी एकाच जोडणीवरून खाती उघडण्यास सुरुवात केली. एका अंकपत्त्यावरून (आयपी पत्त्यावरून) दिवसाला सहाच खाती उघडता येत असल्यामुळे सातव्या माणसापासून खाते उघडेना. उरलेल्यांपैकी काहींनी मोबाइलच्या इंटरनेटवरून खाती उघडली, काही जण उद्या करू म्हणून घरी गेले. ज्यांच्याविषयी हे प्रकरण आहे त्या शिक्षिका घरी जाऊन खाते उघडणाऱ्यांपैकी होत्या. याचा अर्थ असा की त्यांचे पहिले लिखाण झाले तेव्हा शेजारी शिकवणारे कोणी नव्हते.

त्यांनी तिफण या पेरणीच्या अवजाराविषयी लिहिले. धूळपाटीवर लिहून, दोनदा दुरुस्त करून, मग तो मजकूर त्यांनी लेख म्हणून प्रकाशित केला. तिफणीला तीन फण असतात, वर चाडे म्हणजे बी सोडायचे भांडे असते, चाड्याच्या भोकांतून नळ्यांवाटे बी फणांच्या मागे जमिनीत पडते, हे कोणीही लिहिले असते. त्यांनी त्यापुढे जाऊन चाड्यावर मूठ कशी धरायची, बोटे किती सैल सोडायची, बैलांची चाल वाढली तर मुठीचा वेग कसा बदलायचा, एखादी नळी तुंबली तर ते मागे वळून न पाहता कसे ओळखायचे, असे सर्व लिहिले होते. मजकुराला एकही संदर्भ नव्हता. काही वेळातच अलीकडील बदलांवर लक्ष ठेवणाऱ्या एका सदस्याने लेखाच्या डोक्यावर संदर्भ नसल्याचा आणि लेख वगळण्याचा विचार व्हावा असा साचा लावला. नियमाला धरून ते बरोबरच होते. विकिपीडियावर स्वतःच्या अनुभवावरून लिहिलेला मजकूर, तो कितीही खरा असला, पडताळता येण्याजोगा प्रकाशित आधार मिळेपर्यंत टिकत नाही.

शिक्षिकेच्या चर्चापानावर तोपर्यंत दोन गोष्टी जमा झाल्या होत्या : स्वागताचा साचा आणि लेख वगळण्याविषयीची सूचना. दोन्ही ठरावीक मजकुराच्या होत्या. त्याखाली त्यांनी लिहिले, "मी काही चुकीचे लिहिले आहे का? आमच्या घरी तिफण आहे. मी स्वतः पेरले आहे." हे त्यांनी स्वतःच्याच चर्चापानावर लिहिले, सही केली नाही आणि कोणाच्या नावाचा दुवाही दिला नाही. ज्या सदस्याने साचा लावला होता त्याला या प्रश्नाची सूचना जाण्याचा कोणताही मार्ग नव्हता, कारण सदस्याच्या नावाचा दुवा आणि आपली सही एकाच बदलात असल्याशिवाय समोरच्याच्या पानावरील सूचनांच्या घंटेवर काही उमटत नाही. त्यांच्या दृष्टीने त्यांनी विचारले होते आणि कोणी उत्तर दिले नव्हते. आता चर्चापानावर प्रत्येक मजकुराखाली उत्तर देण्याची सोय आहे आणि सही आपोआप पडते. त्या वेळी शेवटी चार तरंगचिन्हे ~~~~ टाकायची असतात, हे कोणीतरी सांगितल्याशिवाय समजत नसे.

पहिली ओळख

अलीकडील बदल पाहताना तो प्रश्न माझ्या नजरेस पडला. त्याखाली मी पुढील मजकूर लिहिला.

"नमस्कार. तुम्ही तिफणीवर लिहिलेला मजकूर मी आत्ताच पूर्ण वाचला. चाड्यावर मूठ धरण्याचे इतके नेमके वर्णन मी यापूर्वी वाचले नव्हते. मी येथे मुख्यतः नद्या आणि तलाव यांवरील लेखांत भर घालतो. शेतीच्या अवजारांची मला माहिती नाही. मी प्रचालक नाही, त्यामुळे लेख ठेवणे किंवा वगळणे माझ्या हातात नाही. लेखावर लागलेल्या साच्याचा अर्थ तुमची माहिती खोटी आहे असा होत नाही. ती कोठे छापली गेली आहे एवढेच तेथे विचारले आहे. छापील आधार शोधण्यात मी तुम्हाला मदत करू शकतो. तुमच्या घरच्या तिफणीचे छायाचित्र तुम्ही स्वतः काढून चढवू शकता, त्याला संदर्भ लागत नाही. उत्तर याच पानावर, या मजकुराखाली लिहावे. मी हे पान पाहत राहीन; साधारणपणे रात्री नऊनंतर मी येथे असतो."

या मजकुरात ओळख म्हणावी अशी वाक्ये थोडी आहेत, आणि तीच महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे मी काय काम करतो, हे. दुसरे म्हणजे मला काय येत नाही, हे. तिसरे म्हणजे माझ्याकडे कोणता अधिकार नाही, हे. चौथे म्हणजे मी केव्हा आणि कोठे भेटेन, हे. नव्या माणसाला समोरच्याविषयी याहून अधिक माहितीची त्या क्षणी गरज नसते. मी केव्हापासून येथे आहे, माझ्या नावावर किती संपादने आहेत, मला कोणती गौरवचिन्हे मिळाली आहेत, यांतील एकही गोष्ट त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हती.

शेतीच्या अवजारांची मला माहिती नाही, हे वाक्य विनय दाखवण्यासाठी लिहिलेले नाही. तिफणीच्या बाबतीत त्या जाणकार होत्या आणि मी नव्हतो, ही वस्तुस्थिती होती. जुना सदस्य ओळख करून देताना समूहाच्या रीतिभातींविषयी जाणकार असतो. लेखाच्या विषयाबद्दलही आपणच जाणकार आहोत असे त्याच्या बोलण्यातून नकळत ध्वनित होते. ते वेळीच वेगळे करून सांगितले नाही तर नवा सदस्य आपल्या खऱ्या ज्ञानाच्या क्षेत्रातही मागे सरतो. शिक्षिकेने आपल्या प्रश्नात "मी स्वतः पेरले आहे" असे लिहिले होते. त्यांना आपल्या माहितीवर आलेली शंका बोचली होती, आणि त्या शंकेचे निराकरण करण्याआधी मी माझ्याविषयी काही सांगितले असते तर ते त्यांनी वाचलेच नसते. म्हणून त्यांचा मजकूर वाचल्याचे वाक्य आधी आले आणि माझी ओळख नंतर.

मी प्रचालक नाही, या वाक्याने दोन कामे केली. त्यांनी माझ्याकडे दाद मागू नये, हे एक. माझ्या उत्तराला निकाल समजू नये, हे दुसरे. ऑनलाइन समूहात हुद्दे चेहऱ्यावरून किंवा खुर्चीवरून कळत नाहीत. जुना सदस्य जे बोलतो ते त्याचे मत आहे, नियम आहे की आदेश आहे, हे नवख्याला ओळखता येत नाही आणि बहुतेक वेळा तो ते आदेशच समजतो. माझ्या अनुभवात जेवढे नवे सदस्य रुसून गेले त्यांतील बरेच जण प्रत्यक्षात कोणाच्या तरी मताला आदेश समजून गेले.

वेळेविषयीच्या वाक्याकडेही दुर्लक्ष होऊ नये. स्वयंसेवी समूहात उत्तर दोन मिनिटांत येते किंवा दोन दिवसांनी येते. संदेश पाठवणे आणि लगेच निळ्या खुणा पाहणे यांची सवय झालेल्या माणसाला दोन दिवसांचे मौन म्हणजे नकार वाटतो. मी रात्री येतो, एवढे सांगितल्यावर दुपारचे मौन मौनच राहिले, त्याचा दुसरा अर्थ लागला नाही.

त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी विचारले की आजीकडून ऐकलेली माहिती छापील कशी दाखवायची. हा प्रश्न ज्ञानकोशाच्या मुळाशी जाणारा आहे आणि मला आजही तो महत्त्वाचा वाटतो. मी त्यांना कळवले की मुठीचे वर्णन सध्या बाजूला ठेवावे, अवजाराची रचना आणि वापर यांना आधार शोधावा. एकोणिसाव्या शतकातील जिल्हा गॅझेटिअरमध्ये शेतीच्या अवजारांची वर्णने आहेत, पाभर या तिफणीसारख्या पेरणीच्या अवजाराचीही आहेत, आणि कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांतही पेरणीच्या पारंपरिक अवजारांविषयी मजकूर असतो. त्यांच्या शाळेच्या ग्रंथालयात काय मिळते ते त्यांनी पाहायचे ठरले. येथवर सर्व सुरळीत होते.

दुसरी ओळख

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ज्येष्ठ सदस्याने त्याच पानावर आपली ओळख करून दिली. हे गृहस्थ मराठी विकिपीडियाच्या जुन्या आधारस्तंभांपैकी आहेत, नव्या लोकांना मनापासून मदत करतात आणि त्यांचा हेतू निर्मळ होता, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. त्यांनी आपले पूर्ण नाव, शहर, निवृत्तीपूर्वीचा हुद्दा, येथील कामाची वर्षे, सुरू केलेल्या लेखांचे विषय आणि शेवटी मोबाइल क्रमांक लिहिला. "कोणतीही अडचण आली तर निःसंकोच फोन करावा," असे शेवटचे वाक्य होते.

शिक्षिकेने काही तासांत उत्तर लिहिले, आणि ते ज्या नमुन्यात ओळख आली होती त्याच नमुन्यात लिहिले. पूर्ण नाव, गाव, तालुका, शाळा, नोकरीची वर्षे, मोबाइल क्रमांक. मराठी माणसांच्या ओळखीत कोणी आपले सांगितले की आपणही तितकेच सांगायचे, हा साधा सभ्यपणा आहे. कुठले तुम्ही, असे विचारणाऱ्याला गाव न सांगणे उद्धटपणाचे वाटते. प्रत्यक्ष भेटीत हा सभ्यपणा त्या दोन माणसांपुरता राहतो. चर्चापान हे जगातील कोणालाही वाचता येणारे पान आहे, त्याच्या प्रती इतरत्र होतात, आणि मजकूर पुसला तरी पानाच्या इतिहासात तो तसाच उरतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. एका महिलेचे नाव, गाव, शाळा आणि क्रमांक एकाच परिच्छेदात सर्वांसमोर आले होते.

क्रमांक दिसताच मी तो मजकुरातून काढला, त्यांना थोडक्यात कारण लिहिले आणि एका प्रचालकाला ती आवृत्ती लपवण्याची विनंती केली. प्रचालकांना इतिहासातील एखादी आवृत्ती इतरांच्या दृष्टीआड करता येते; त्यांनी ती केली. मधल्या काळात कोणी ती वाचली असेल तर त्यावर उपाय नव्हता. विकिमीडियाच्या सर्व प्रकल्पांसाठी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या आचारसंहितेत दुसऱ्याची खासगी माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास मनाई आहे आणि नव्या सदस्यांना वाट दाखवण्याची अपेक्षाही त्यात नोंदवलेली आहे. येथे कोणीही दुसऱ्याची माहिती उघड केली नव्हती. प्रत्येकाने स्वतःचीच दिली होती. नियमांनी पकडता येईल असे काही घडले नव्हते, आणि म्हणूनच हा मुद्दा नियमांवर न सोडता ओळख लिहिणाऱ्याने लक्षात घ्यायला हवा : जुना सदस्य आपल्याविषयी जे आणि जितके लिहितो, ते आणि तितके नव्या सदस्याला योग्य वाटू लागते. ज्येष्ठ सदस्याने क्रमांक लिहिला नसता तर शिक्षिकेनेही तो लिहिला नसता, याविषयी मला शंका नाही. पहिल्या ओळखीत क्रमांक, गाव किंवा पूर्ण नाव नव्हते आणि त्या ओळखीला आलेल्या उत्तरातही यांपैकी काही नव्हते.

काही दिवसांनी त्यांनीच लिहिले की दुसरा मजकूर वाचून शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखे वाटले आणि म्हणून सर्व माहिती नीट भरून दिली. हे वाक्य मला फार बोलके वाटते. त्यांनी ती ओळख आपुलकीचे निमंत्रण म्हणून वाचलीच नाही. हुद्दा आणि वर्षे आधी आल्यामुळे शेवटची "निःसंकोच" ही सूचनाही त्यांना अधिकाऱ्याने दिलेली सूचना वाटली. त्यांनी फोन केला नाही.

लिंगाचा आणि संबोधनाचा प्रश्न

मराठीत ओळख लिहिताना आणखी एक गोष्ट आपोआप उघड होते. "मी लेखांत भर घालतो" असे मी लिहिले तेव्हा मी पुरुष आहे हे सांगून टाकले. माझ्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. एखाद्या सदस्येला मात्र "घालते" लिहिल्यावर अनोळखी लोकांकडून चर्चापानावर अनावश्यक चौकश्या येतात, असे काही सहकारी सदस्यांनी मला सांगितले आहे. त्यांच्यापैकी एक जण अत्यंत कौशल्याने भूतकाळातील सकर्मक क्रियापदे वापरते. "मी येथे किल्ल्यांवरचे लेख लिहिले आहेत", "मी हे पान पाहण्याच्या यादीत ठेवले आहे", अशा वाक्यांतून लिहिणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही आणि भाषा अवघडलेलीही वाटत नाही. टोपणनावाने वावरायची इच्छा असलेल्या कोणालाही ही रीत उपयोगी पडेल.

समोरच्याच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. सदस्यनावावरून स्त्री की पुरुष, तरुण की वृद्ध हे ठरवता येत नाही, आणि तरी नव्या सदस्याला सर्रास "सर" म्हटले जाते. "तुम्ही लिहिलेला मजकूर", "तुम्ही आलात" ही रूपे दोघांनाही चालतात. या प्रकरणातील शिक्षिकेला मी त्यांनी स्वतः सांगेपर्यंत ताई म्हटले नाही. त्यांनी उत्तराखाली "मला ताई म्हटले तरी चालेल" असे लिहिल्यावर म्हणू लागलो. नाते जोडणारे संबोधन आपल्याकडे आदराचे आहे, परंतु ते नव्या माणसाने दिलेले बरे, जुन्याने लावलेले नव्हे.

सदस्यपानाची जबाबदारी

सहीवर टिचकी मारली की सही करणाऱ्याचे सदस्यपान उघडते. म्हणजे चर्चापानावर मोजकी ओळख लिहिली तरी नवा सदस्य पुढच्या क्षणी तुमच्या पानावर पोहोचतो. अनेक जुन्या सदस्यांच्या पानांवर वर्षानुवर्षांच्या चौकटी, गौरवचिन्हे, जुने वाद आणि उघडे प्रकल्प साचलेले असतात. संगणकावर ते सहन होते, मोबाइलवर पहिल्या पडद्यात त्यांपैकी एखादी चौकटच दिसते. शिक्षिका मोबाइलवरूनच काम करत होत्या. या प्रसंगानंतर मी माझ्या पानाच्या अगदी वर चारच ओळी ठेवल्या आहेत : कोणत्या विषयांवर काम करतो, कशात मदत करू शकतो, कशात करू शकत नाही, आणि प्रश्न कोठे विचारावा. भाषांची चौकट त्याखाली आहे. कोणती भाषा किती येते हे शून्यापासून पाचपर्यंतच्या श्रेणीत सांगणारी ती चौकट खरोखर उपयोगी असते, कारण मराठी वाचता न येणाऱ्या पाहुण्यालाही आपल्याशी कोणत्या भाषेत बोलावे ते तिच्यावरून समजते.

इतरत्र काय आढळले आहे

हा प्रश्न मराठीपुरता नाही. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. त्यामागच्या कारणांचा शोध घेणारा एक बहुचर्चित अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचे पहिलेच लिखाण पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात नाकारले जाऊ लागले, ते नाकारण्याचे काम अर्धस्वयंचलित साधनांनी होऊ लागले आणि त्यामुळे नवखे टिकेनासे झाले, असे त्यात मांडले होते. २०१२ मध्ये तेथे नवख्यांसाठी चहापानगृह (टीहाउस) नावाची प्रश्नोत्तरांची जागा सुरू झाली होती. तिची मला पटलेली गोष्ट अशी की तेथे उत्तरे देणारे यजमान आपली छोटी ओळख स्वतःहून लिहून ठेवत. नव्यांना निमंत्रणे सांगकाम्या म्हणजे स्वयंचलित खाते पाठवत असे, पण त्याखाली एखाद्या खऱ्या यजमानाचे नाव असे. अशी निमंत्रणे मिळालेले नवे सदस्य न मिळालेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात टिकून राहिले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले.

मराठी विकिपीडियाला ही व्यवस्था जशीच्या तशी उचलणे शक्य नाही, कारण येथे नियमित काम करणारे हात थोडे आहेत. प्रत्येक नव्या खात्याला हाताने ओळख लिहायची म्हटली तर दुसरे काही होणार नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्यांतील कितीतरी खाती येथे कधीच लिहिणार नसतात. मी स्वतः एक मर्यादा पाळतो. ज्याने प्रामाणिक हेतूने एकतरी बदल केला आहे आणि त्या बदलाला विरोध झाला आहे किंवा त्यावर साचा लागला आहे, त्यालाच मी लिहितो. न वाचता ओळख लिहायची नाही, हा नियम मी मोडत नाही. वाचायला वेळ नसेल त्या दिवशी ओळखही लिहीत नाही. कार्यशाळेच्या दिवशी ही मर्यादा अपुरी पडते, कारण एकाच दुपारी अनेक नवी माणसे लिहू लागतात. त्या दिवशी संयोजकांनी जुन्या सदस्यांपैकी दोघातिघांना आधी कळवून ठेवणे आणि कोण कोणाच्या चर्चापानावर लिहील हे वाटून घेणे, एवढे केले तरी शिक्षिकेवर आलेली वेळ टळू शकते.

लेखाचे आणि मतभेदाचे पुढे काय झाले

तिफणीचा लेख टिकला. रचनेविषयीच्या भागाला दोन छापील आधार मिळाले. शिक्षिकेने अंगणात उभ्या केलेल्या तिफणीचे आणि चाड्याचे जवळून घेतलेले छायाचित्र मुक्त परवान्याखाली चढवले, ज्यात चाड्याची भोके आणि त्यांत बसवलेल्या नळ्यांची तोंडे स्पष्ट दिसतात. मुठीचे वर्णन लेखातून निघाले. ते लेखाच्या चर्चापानावर त्यांच्या सहीसह ठेवलेले आहे, म्हणजे कधी एखाद्या अभ्यासकाने ते छापले तर परत घेता येईल. तिफण आणि पाभर यांतील भेदावर विदर्भातील एका सदस्याशी त्यांची पुढे बरीच चर्चा झाली. ती सुरू करताना त्यांनी आपण कोणत्या भागातील पेरणी पाहिली आहे आणि कोणत्या भागातील पाहिलेली नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिले होते. गावाचे नाव लिहिले नव्हते.

ज्येष्ठ सदस्याशी मी या विषयावर सविस्तर बोललो. त्यांचे म्हणणे असे की ज्ञानकोशासारख्या कामात माणसाने खऱ्या नावाने उभे राहावे, टोपणनावामागून दिलेल्या सल्ल्यावर नव्या माणसाने विश्वास का ठेवावा, आणि निवृत्त माणसाने आपला क्रमांक दिला तर त्यात गैर काय. यातील पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे आणि खऱ्या नावाने काम करणारे अनेक सदस्य मराठी विकिपीडियाचे बळ आहेत. माझे म्हणणे असे होते की खरे नाव आपल्या सदस्यपानावर असावे, ज्याला हवे तो तेथे जाऊन वाचेल. नवख्याच्या चर्चापानावर ते पहिल्या ओळीत आले की त्याच्यावरही तसेच करण्याचे दडपण येते. आमचे यावर एकमत झालेले नाही. ते आजही नव्या सदस्यांना पूर्ण नावाने ओळख करून देतात, आता मात्र नव्या सदस्याच्या लिखाणाविषयीचे वाक्य त्यांच्या नावाच्या आधी असते आणि मोबाइल क्रमांक ते लिहीत नाहीत.